निवडटिपण

पेण हे गाव साऱ्या जगाला ठाऊक असलेच पाहिजे, अशी आम्हा पेणकरांची एक प्रामाणिक समजूत आहे. ती अगदीच निराधार आहे असेही नाही. आमच्या गावात घडलेले गणपती सातासमुद्रापार जातात; आमच्या पोह्यांचे आणि पापडांचे नाव घाटावरदेखील निघते; आणि तालुक्यातल्या गागोद्याला १८९५ साली विनोबांचा जन्म झाला, ही गोष्ट तर आम्ही पाहुण्याला चहाच्या आधी सांगतो. परंतु जगातल्या वैद्यकीय लेखांचे जे एक प्रचंड कोठार आहे, त्याच्या दाराशी जाऊन पेणचे नाव रोमन लिपीतल्या तीन अक्षरांत टाइप करावे, तर आतून उत्तर काय यावे? मधुमेहाच्या रोग्याने इन्शुलिन टोचून घ्यायची लेखणी! तिच्या मागोमाग डुकरांचे आणि मेंढरांचे कोंडवाडे येतात, कारण इंग्रजीत त्यांनाही तोच शब्द. लेखणी येते, कोंडवाडा येतो. पेण काही लवकर येत नाही.

बरे, गावाचे जाऊ द्या, जिल्ह्याच्या नावाने हाक मारून पाहू म्हणावे, तर तिथे निराळीच मौज. १९८१ सालच्या १ जानेवारीला आमच्या कुलाबा जिल्ह्याचा रायगड झाला. त्यापूर्वी लिहिणारा कुलाबा लिहून गेला. नंतरच्यांपैकी कुणी रायगड लिहिले, कुणी इंग्रजी वळणाने रायगढ. आणि या दुसऱ्या नावाचा एक संबंध जिल्हा छत्तीसगडात आहे. त्यामुळे आपल्याकडच्या तापाची चौकशी करायला गेलेला माणूस पाहता पाहता महानदीच्या खोऱ्यात उतरतो. गावोगावच्या पोस्टमास्तरांनी वर्षानुवर्षे सोसलेले हे दुःख आता ज्ञानाच्या वाट्याला आले आहे, एवढेच.

या कोठाराचे नाव पबमेड. अमेरिकेत मेरीलँड राज्यातल्या बेथेस्डा गावी तिथल्या सरकारचे राष्ट्रीय वैद्यक ग्रंथालय आहे, त्याचा हा पसारा. मूळ फार जुने. जॉन शॉ बिलिंग्ज नावाच्या एका लष्करी सर्जनाने १८७९ साली ‘इंडेक्स मेडिकस’ ही सूची काढली. जगात वैद्यकावर जे जे छापले जाईल त्याची विषयवार यादी करायची, असा त्याचा संकल्प. हा मनुष्य आमच्या जातीचा; म्हणजे ग्रंथपालाच्या. १९६४ साली ही सूची संगणकावर चढली, १९७१ साली तारेवरून दूरच्या ग्रंथालयांना तिच्यात डोकावता येऊ लागले आणि तिला मेडलाइन हे नाव मिळाले. १९९६ साली पबमेड निघाले, आणि १९९७च्या जूनपासून ते साऱ्या जगाला फुकट झाले. छापील सूची २००४ अखेर बंद पडली. आज पबमेडमध्ये साडेतीन कोटींहून अधिक नोंदी आहेत. नोंदी म्हणतो, लेख नव्हे. लेखाचे नाव, लेखकांची नावे, नियतकालिक, साल आणि बहुधा एक गोषवारा, एवढेच तिथे हमखास सापडते. सबंध लेख कधी फुकट, कधी विकत, कधी कुणा मित्राच्या मेहेरबानीने मिळवावा लागतो.

माझी उभी हयात ग्रंथालयात तालिकापत्रे लावण्यात गेली. निवृत्त झाल्यावर माणसे फुलझाडे लावतात किंवा भजनी मंडळात जातात. मला मात्र रोह्याच्या एका डॉक्टर स्नेह्यांनी या कोठाराच्या दाराशी नेऊन बसवले. त्यांचा दवाखाना कुंडलिकेपासून फार लांब नाही. धाटावच्या कारखान्यांतले कामगार, डोंगरातल्या वाड्यांवरचे कातकरी, बाजारपेठेतले वाणी असे सगळे त्यांच्याकडे येतात. पावसाळ्यात साप, भातकापणीला विंचू, आणि चिखलातून फिरलेल्या माणसांना उंदरांच्या मुतापासून होणारा लेप्टोचा ताप, हे त्यांचे वर्षाचे पंचांग. एकदा ते मला म्हणाले, “भाऊ, मला शोधता येतं हो. एक शब्द टाकला की हजार कागद येतात. पण वाचायला मला रात्रीची पाऊण घटका मिळते. मला शोधलेलं नको, निवडलेलं पाहिजे.”

त्या दिवसापासून मी निवडतो. महिन्यातून एकदा पेणहून गाडीत बसतो, कासू आणि नागोठणे मागे टाकून रोह्याला उतरतो आणि त्यांच्या हाती निवडून आणलेले ठेवतो.

निवडणे ही गोष्ट आपल्या घरांतून फार गंभीरपणे केली जात असे, हे पुष्कळांना आठवत असेल. माझी आई दुपारी पडवीत सूप घेऊन बसली की घरातल्या कुणाचीही तिला हाक मारायची छाती नव्हती. पाखडून कोंडा उडवायचा, मग खडे वेचायचे, मग चाळण. तिचे एक म्हणणे होते: “चाळणीत वर काय राहिलं ते सगळ्याच बघतात. खाली काय गेलं तेही बघावं.” खाली गेलेली कणी ती टाकत नसे. आजाऱ्याची पेज त्या कणीची होई. ग्रंथालयशास्त्राच्या परीक्षेत मला जे शिकवले त्यातले पुष्कळसे मी विसरलो. पण पबमेडपुढे बसलो की आईचे हे वाक्य मात्र दर वेळी उपयोगी पडते.

उदाहरण विंचवाचेच घेऊ. इंग्रजीतला विंचवाचा शब्द टाकला की हजारांनी नोंदी येतात. त्यांत प्रत्यक्ष विंचू चावलेली माणसे थोडी. विंचवाच्या विषातला एकेक रेणू सुटा करून त्याचा अभ्यास करणारे रसायनज्ञ फार. एक त्याच नावाचा मासा आहे, तो मध्येच पोहत येतो. प्रयोगशाळेत जनुके तपासण्याच्या एका तंत्राला कुणी हौसेने विंचवाचे नाव ठेवले आहे. त्याचे लेख कर्करोगाच्या अंगाने येतात. हे सगळे खडे. ते वेचण्यासाठी ग्रंथालयाने एक उत्तम सोय केली आहे. ठरलेल्या विषयशीर्षकांचा एक कोश आहे. १९६० सालापासून तो चालत आला आहे आणि त्याला ‘मेश’ म्हणतात. लेखकाने काहीही शब्द वापरलेला असो, लेख कशाविषयी आहे हे पाहून त्याला कोशातली शीर्षके लावायची. विंचवाचे विष हे एक शीर्षक, विंचुदंश हे दुसरे. वर्षानुवर्षे हे काम माणसे वाचून करीत. २०२२ सालापासून ते यंत्र करते आणि माणसे त्यावर नजर ठेवतात. शीर्षकावरून मागितले की मासा जातो, जनुके जातात, दंश उरतो. तालिकापत्रे लावणाऱ्याला याचा आनंद काय सांगावा!

परंतु खाली काय गेले? परवाच छापलेल्या लेखाला अजून शीर्षक लागलेले नसते. म्हणून केवळ शीर्षकावर विसंबणाऱ्याला सर्वांत ताजे तेच दिसत नाही. ‘फक्त माणसांवरचे लेख’ अशी चाळण लावली तरी तीच गत, कारण ती चाळणही शीर्षकांवरच चालते. आणि ‘ज्यांचा गोषवारा आहे तेच दाखव’ अशी चाळण लावली, तर १९७५च्या आधीचे बहुतेक सगळे खाली पडते. त्या काळच्या नोंदींना गोषवारेच नाहीत. १९६१ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये मुंडले या आडनावाने एक लेख आला. विंचुदंशानंतर फुप्फुसांत पाणी भरते, हा त्याचा विषय. पबमेडमध्ये त्याची नोंद आहे. गोषवारा नाही, नुसते नाव. नुसती कणी. पण आमच्या भागातल्या माणसाला या दुखण्याचा इतिहास पाहायचा असेल तर तो या कणीपासून सुरू होतो.

आणखी एक घोटाळा नावांचा. आपल्याकडे दिसायला भयंकर अशी काळी इंगळी परवडली, पण तो बोटभर तांबूस विंचू नको, हे वाडीवरचे पोरही सांगते. या लाल विंचवाला शास्त्रज्ञांनी आधी ब्यूथस टॅम्युलस म्हटले, मग मेसोब्यूथस टॅम्युलस केले, आणि आता हॉटेन्टोटा टॅम्युलस म्हणतात. विंचू तोच, नांगी तीच. गोत्र मात्र दोनदा बदलले. एकाच नावाने हाक मारली तर बाकीच्या नावांखालचे लेख ओ देत नाहीत. म्हणून तिन्ही नावे ‘किंवा’ या शब्दाने जोडावी लागतात. पबमेडला तीन अव्यये समजतात: आणि, किंवा, नको. ‘आणि’ने ढीग आटतो, ‘किंवा’ने वाढतो. ‘नको’ हे मात्र जपून वापरावे. ‘जनावरे नकोत’ म्हटले की ज्या लेखात माणूसही आहे आणि जनावरही आहे तो समूळ जातो. घरातदेखील ‘नको’ म्हणताना माणसाला पुष्कळदा काय काय नाकारले हे मागाहून कळते, तसेच हे.

हे सगळे पांडित्य झाले. ते करायचे कशासाठी, हे सांगण्यासारखे आहे.

विंचवावरचे लेख ब्राझीलहून येतात, मेक्सिकोहून येतात, ट्युनिसहून, इराणहून येतात. ॲरिझोनातल्या मुलांवर प्रतिविषाचा उत्तम उपयोग झाल्याचा एक नामांकित लेख २००९ सालचा आहे. तो ढिगात वर येतो, कारण मान मोठा. पण तिथला विंचू निराळा. त्याचे विष मुख्यतः मज्जातंतूंवर उठते. आमच्या लाल विंचवाचे विष शरीरातल्या ॲड्रिनलिनसारख्या द्रव्यांचा असा लोंढा सोडते की रक्तवाहिन्या आवळतात, हृदयावर भार येतो आणि फुप्फुसांत पाणी भरते. चावला तो विंचूच. पण दोन्हीकडचा मृत्यू निरनिराळ्या दारांनी येतो. म्हणून ढिगातला वरचा कागद तेवढा उचलून पुढे करणे हे निवडणे नव्हे.

आमच्या विंचवावरचा सर्वांत मोलाचा लेख कुठून यावा? आमच्याच जिल्ह्यातून, महाडहून. डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ साली महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. तिथे त्यांनी विंचू चावलेली धडधाकट माणसे मरताना पाहिली आणि एकेका रोग्याची नोंद ठेवायला सुरुवात केली. घाम, उलट्या, गार पडलेले हातपाय, या खुणांवरून पुढचे संकट ओळखता येते, हे त्यांनी १९८२ साली ‘लॅन्सेट’मध्ये मांडले. प्रॅझोसिन नावाचे रक्तदाबाचे एक साधे औषध आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल करते आणि प्राण वाचवते, हे त्यांनी व त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांनी १९८६ साली त्याच नियतकालिकात दाखवले. त्यांच्याच हिशेबाप्रमाणे, या औषधापूर्वी शंभर गंभीर रोग्यांतले तीस दगावत. नंतर हे प्रमाण एकावर आले. २०११ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये त्यांचा आणखी एक लेख आला. सत्तर रोगी, पस्तीस-पस्तीसचे दोन गट. एकाला नुसते प्रॅझोसिन, दुसऱ्याला प्रॅझोसिन आणि प्रतिविष. दहा तासांत पहिल्या गटातले आठ बरे झाले, दुसऱ्यातले बत्तीस. २०२२ साली डॉक्टरांना पद्मश्री मिळाली, तेव्हा आमच्याकडच्या लोकांना ‘लॅन्सेट’ हे नाव वर्तमानपत्रातून कळले. बेथेस्डाच्या कोठारात ते केव्हाचे जाऊन बसले होते.

बावस्करांचे आडनाव हे एक बरे आहे की ते सहसा दुसऱ्याचे निघत नाही. त्या नावाने मागितले की त्यांचेच लेख येतात. पण एखाद्या पाटलांचा किंवा जोशांचा लेख शोधून पाहा! २००२च्या आधी पबमेडमध्ये लेखकाचे आडनाव आणि आद्याक्षरे एवढीच नोंदत. ‘पाटील एस’ म्हटल्यावर जो मेळा समोर उभा राहतो त्यात सुरेश कोण आणि सुनंदा कोण हे ओळखायला प्रत्यक्ष ब्रह्मदेव उतरला तरी तो आधी गावाचे नाव विचारील.

म्हणून मी एक शिस्त ठेवली आहे. प्रत्येक नोंदीला पबमेडचा एक क्रमांक असतो. लेखाचे नाव लांबलचक, पत्ते बदलणारे, पडद्यावरचा क्रम आज एक तर उद्या दुसरा; क्रमांक मात्र कायमचा. वाचता वाचता जे बरे दिसते ते पबमेडच्या क्लिपबोर्डवर ठेवता येते. हे त्याचे सूप. त्यात पाचशेच मावतात, आणि आठ तास कुणी हात लावला नाही तर ते आपोआप रिकामे होते. सुपात धान्य ठेवून कुणी झोपत नाही, हे त्या अमेरिकन माणसांना कसे कळले कोण जाणे! कायमचे ठेवायचे ते आपल्या खात्यातल्या संग्रहांत ठेवावे. तिथे मी कणग्या केल्या आहेत: साप, विंचू, लेप्टो, कीटकनाशकाची विषबाधा. एकदा नीट जुळवलेला शोधही जपून ठेवता येतो, आणि नवे काही आले की तो आपणहून टपालाने कळवतो. क्रम कसा लावावा, हाही एक विचारच आहे. २०२०च्या नव्या रूपात पबमेड ‘सर्वांत जुळणारे’ आधी दाखवते. मी ते एकदा पाहतो आणि मग सालवार लावून पुन्हा पाहतो. पहिल्याने जाणते कोण ते कळते, दुसऱ्याने नवे कोण. आणि ढीग कितीही मोठा असला तरी पहिल्या दहा हजारांपलीकडचे ते दाखवीत नाही. मला त्यात काही गैर वाटत नाही. दहा हजार कागद मागणाऱ्याला प्रश्नच नीट विचारता आलेला नसतो.

ठेवलेले पुन्हा तपासावेही लागते. २०२०च्या मे महिन्यात हायड्रॉक्सिक्लोरोक्विनवरचा एक मोठा लेख ‘लॅन्सेट’मध्ये आला आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात मागे घेतला गेला. पबमेड अशा नोंदीवर लेख मागे घेतल्याची ठळक पाटी लावते. परंतु ज्याने आधीच छापून फायलीत ठेवला त्याच्या फायलीत ती पाटी कोण लावणार? म्हणून उन्हाळ्यात जशी आपण आगोटीची बेगमी करतो, सुकी मासळी उन्हात टाकतो, डाळींना वारा देतो, तशी मी मे महिन्यात एकेक कणगी उपसून क्रमांक पुन्हा लावून पाहतो. किडलेले बाहेर, राहिलेले आत, नवे वर. मग पावसापूर्वी ती फाइल रोह्याला जाते.

मागल्या भातकापणीच्या दिवसांत रोह्याच्या वरच्या अंगाच्या एका वाडीवरून दहा वर्षांची एक मुलगी रात्री डॉक्टरांकडे आणली. भाऱ्याखाली हात घातला होता. दंशाच्या जागी फारसे काही दिसत नव्हते. पण कपाळ घामाने डबडबलेले, हातपाय थंडगार, दोनदा उलटी झालेली. बाप सांगत होता की मंत्र घातला आहे, आता ती निजेल. डॉक्टरांनी तिला निजू दिले नाही. प्रॅझोसिन दिले, प्रतिविष त्यांच्याजवळ होते ते दिले, आणि रात्रभर तिच्या उशाशी नाडी धरून बसले. सकाळी पोरगी पेज मागू लागली.

ही हकिकत त्यांनी मला सांगितली तेव्हा मला अर्थात आमच्या फायलीची आठवण झाली, आणि मी तसे बोलूनही दाखवले. ते हसले. म्हणाले, “भाऊ, त्या रात्री मी तुमची फाइल उघडलीसुद्धा नाही. वेळ कुठे होता? ते मी वैशाखात वाचलं होतं.”

यापेक्षा मोठे प्रशस्तिपत्र कुठल्या ग्रंथपालाला मिळाले असेल असे मला वाटत नाही. औषध कपाटात असावे लागते, तसे वाचलेले डोक्यात असावे लागते. आणि डोक्यात मावेल एवढेच निवडून देणे हे आमचे काम. त्या मुलीच्या बापाला बेथेस्डा ठाऊक नाही, महाडचे डॉक्टर ठाऊक नाहीत, मी तर नाहीच नाही. त्याच्या लेखी मंत्राला रोह्याच्या डॉक्टरांचा हातगुण मिळाला. असू द्या. सकाळची पेज तिला मिळाली, हे खरे.

मात्र एक गोष्ट मला अलीकडे स्वस्थ बसू देत नाही. चाळणीखाली काय गेले ते मी पाहू शकतो. पण जे चाळणीत कधी पडलेच नाही त्याचे काय? आमच्या डॉक्टरांच्या मेजाच्या खणात पुठ्ठ्याच्या सात वह्या आहेत. कोण आले, केव्हा, काय चावले, काय दिले, काय झाले. तारखेनिशी, निळ्या शाईत, मराठीत. बावस्करांनीही आरंभी याहून वेगळे काय केले होते? अशा वह्या कोकणात आणखी कितीतरी खणांत असतील, आणि डॉक्टरांबरोबर त्या रद्दीत जात असतील. जगातले सर्वांत मोठे कोठारदेखील जे लिहून पाठवले तेवढेच साठवते.

गेल्या महिन्यात मी त्यांच्या मागे लागून पहिली वही काढायला लावली. आम्ही दोघे मिळून तिचा तक्ता करीत आहोत. ते वाचतात, मी उतरवतो. छापला जाईल का, कुठे, हे पुढचे पुढे. लेखाच्या डोक्यावर पत्ता घालायची वेळ आली तेव्हा त्यांनी नुसते ‘रोहा’ लिहिले. मी म्हटले, “डॉक्टर, एवढ्याने भागायचे नाही. रोहा लिहा, जिल्हा रायगड लिहा, महाराष्ट्र लिहा, आणि मजकुरात एकदा ‘पूर्वीचा कुलाबा’ असेही येऊ द्या.”

“इतका पत्ता कशाला हो? टपाल थोडंच यायचंय?”

“येईल,” मी म्हटले. “कुणीतरी विचारत येईल.”

त्यांनी चष्मा सारखा केला आणि चारही नावे लिहिली.